‘कॉफी’ : पॅम ग्रिअर यांना स्टार बनवणारा १९७३ चा सूडपट आणि त्याभोवतीचा न मिटलेला वाद

रात्रीची वेळ. लॉस एंजेलिसमधल्या एका क्लबबाहेर उभ्या असलेल्या गाडीत एक तरुणी पडून आहे. नशेसाठी काहीही करायला तयार असलेली गर्दुल्ली, असं तिला पाहणाऱ्याला वाटतं. क्लबमधून बोलावून आणलेला शुगरमन हा ड्रग्ज विकणारा माणूस तिला आनंदाने आपल्या घरी नेतो. तिथे पोहोचल्यावर ती नळी कापून आखूड केलेली शॉटगन बाहेर काढते आणि त्याला गोळी घालते. मग त्याच्या साथीदाराला त्याच्याच जवळच्या हेरॉइनचा जादा डोस टोचून घ्यायला लावते. एवढं करून ती कामावर जाते. ती सरकारी एजंट नाही की भाडोत्री मारेकरी नाही, ती हॉस्पिटलमधली नर्स आहे.

‘कॉफी’ हा अमेरिकन सिनेमा असा सुरू होतो. नाव वाचून पेयाची आठवण आली तर त्यात वाचकाची चूक नाही, पण या नावाचा त्याच्याशी संबंध नाही. नायिकेचं आडनाव कॉफिन, म्हणजे शवपेटी. त्याचंच लाडकं रूप ‘कॉफी’. तिचं पूर्ण नाव फ्लॉवर चाइल्ड कॉफिन. फुलासारखं मूल आणि शवपेटी एकाच नावात आणून दिग्दर्शकाने विनोद केला आहे आणि इशाराही दिला आहे.

अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स (पुढे ‘एआयपी’) या कंपनीने काढलेला हा चित्रपट १९७३ साली प्रदर्शित झाला. लेखन आणि दिग्दर्शन जॅक हिल यांचं होतं, मुख्य भूमिकेत २४ वर्षांच्या पॅम ग्रिअर होत्या. खर्च सुमारे ५ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या त्या काळच्या हिशेबानेही किरकोळ. त्याच्या कितीतरी पट पैसे त्याने मिळवले. आज तो ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ या प्रकारातल्या सर्वांत जास्त बोलल्या जाणाऱ्या चित्रपटांपैकी एक आहे. त्याच्यावर पुस्तकं लिहिली गेली, विद्यापीठांत तो शिकवला जातो. त्याच वेळी, असा सिनेमा निघायलाच नको होता असं म्हणणारेही तेव्हा होते आणि आजही आहेत.

ब्लॅक्सप्लॉयटेशन म्हणजे काय?

‘ब्लॅक’ आणि ‘एक्स्प्लॉयटेशन’ या दोन शब्दांची ही जोडणी. एक्स्प्लॉयटेशन सिनेमा हा शब्द अमेरिकेत आधीपासून होता. कमी पैशांत झटपट काढलेले, मारामारी, नग्नता, भीती अशा हमखास खपणाऱ्या गोष्टींवर चालणारे चित्रपट त्यात मोडत. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या हॉलिवूड शाखेचे प्रमुख ज्युनियस ग्रिफिन यांनी १९७२ साली त्याला ‘ब्लॅक’ जोडलं. त्यांना या चित्रपटांचं कौतुक करायचं नव्हतं. हा शब्द मुळात शिवी होता, आणि नंतर रसिकांनी तोच लेबल म्हणून वापरायला सुरुवात केली.

या लाटेआधी हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीयांचं काय चाललं होतं, हे थोडक्यात पाहायला हवं. ‘गॉन विथ द विंड’मधल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांना १९४० साली ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. पण त्या समारंभात त्यांना चित्रपटाच्या इतर मंडळींपासून वेगळ्या टेबलावर बसावं लागलं. पुढे कित्येक वर्षं कृष्णवर्णीय स्त्रीसाठी पडद्यावर जागा होती ती बहुतेक करून स्वयंपाकघरात किंवा नाइटक्लबच्या मंचावर. पुरुषांमध्ये सिडनी पॉइटिए मोठे स्टार झाले, पण त्यांच्या भूमिका इतक्या सोज्वळ, इतक्या सभ्य असत की १९६५ च्या वॉट्स दंगली आणि १९६८ ची मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या पाहिलेल्या तरुण पिढीला त्या आपल्या वाटेनाशा झाल्या होत्या.

याच सुमाराला हॉलिवूडची आर्थिक अवस्था वाईट होती. गोरा मध्यमवर्ग शहरं सोडून उपनगरांत गेला होता आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसत होता. शहराच्या मध्यभागातली मोठमोठी थिएटरं ओस पडत होती आणि तिथे येणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय प्रेक्षकांचं प्रमाण लक्षणीय होतं. १९६८ मध्ये जुनी सेन्सॉर संहिताही मोडीत निघाली होती.

अशा वेळी १९७१ साली मेल्विन व्हॅन पीबल्स यांनी ‘स्वीट स्वीटबॅक्स बॅडॅस साँग’ हा चित्रपट स्वतःच्या हिमतीवर काढला. गोऱ्या पोलिसांना मारून पळालेला कृष्णवर्णीय नायक शेवटी जिवंत सुटतो, हेच मुळात नवं होतं. सुरुवातीला डेट्रॉइट आणि अटलांटा इथली मिळून दोनच थिएटरं त्याला मिळाली. तिथे रांगा लागल्या. ब्लॅक पँथर पार्टीचे नेते ह्यूई न्यूटन यांनी पक्षाच्या वृत्तपत्रात या चित्रपटाचं तोंड भरून कौतुक केलं आणि तो पाहणं कार्यकर्त्यांना सक्तीचं झालं. (१९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतलं, ते हेच ब्लॅक पँथर.) त्याच वर्षी ‘एमजीएम’चा ‘शाफ्ट’ आला आणि पुढच्या वर्षी ‘सुपर फ्लाय’. तिन्ही चालले. मग काय, प्रत्येक स्टुडिओला एक कृष्णवर्णीय नायक हवा झाला.

नायकच, नायिका नाही. या पहिल्या फळीतल्या चित्रपटांमध्ये बायका होत्या, पण त्या नायकाच्या अंगाखांद्यावर शोभेपुरत्या.

स्पर्धेतून जन्मलेला चित्रपट

‘कॉफी’च्या मागे कोणाचं मोठं स्वप्न नव्हतं. त्याच्या मुळाशी एक हुकलेला सौदा होता.

‘क्लिओपात्रा जोन्स’ नावाच्या चित्रपटाची कल्पना एआयपीकडे आली होती. अमेरिकी सरकारची कृष्णवर्णीय स्त्री एजंट ड्रग्ज टोळ्यांशी लढते, अशी गोष्ट. कंपनीतले अधिकारी लॅरी गॉर्डन यांना वाटलं होतं की तोंडी बोलणी पक्की झाली आहेत. पण तो प्रकल्प वॉर्नर ब्रदर्स या बड्या स्टुडिओकडे गेला. गॉर्डन यांनी जॅक हिल यांना बोलावलं आणि सांगितलं की कृष्णवर्णीय स्त्रीच्या सुडाचा एक चित्रपट लवकरात लवकर लिहा आणि काढा, ‘क्लिओपात्रा’च्या आधी तो थिएटरात लागला पाहिजे.

तो लागला. ‘क्लिओपात्रा जोन्स’ थोडा नंतर, १९७३ च्या जुलैत आला. त्यात सहा फुटांहून उंच मॉडेल टमारा डॉब्सन भरजरी फॅशनच्या कपड्यांत महागड्या स्पोर्ट्स कारमधून फिरतात, आणि सुरुवातीलाच तुर्कस्तानातलं अफूचं शेत जाळून टाकतात. तो चित्रपट देखणा आहे, मोठ्या स्टुडिओचा पैसा त्यात दिसतो. पण तिथली नायिका सरकारच्या बाजूने, सरकारच्या पगारावर लढते. कॉफीच्या पाठीशी कोणीच नाही. दोन्ही चित्रपट ओळीने पाहिले तर गरीब कंपनीचा सिनेमा जास्त रागावलेला का वाटतो, हे लगेच लक्षात येतं.

गोष्ट काय आहे?

(पुढे शेवटासकट कथानक आलं आहे.)

कॉफीची धाकटी बहीण लुबेल अवघी ११ वर्षांची आहे. भेसळीच्या हेरॉइनने तिचं आयुष्य उद्ध्वस्त झालं आहे आणि ती पुनर्वसन केंद्रात पडून आहे. सुरुवातीच्या दोन खुनांमागचं कारण हे. त्या रात्रीनंतर कॉफी ऑपरेशन थिएटरमध्ये उभी असते, पण तिचं चित्त थाऱ्यावर नसतं. सूडपटांच्या नायकांना सहसा असा त्रास होत नाही. इथे पहिल्या दहा मिनिटांतच तो दिसतो.

कार्टर हा तिचा जुना मित्र, प्रामाणिक पोलीस अधिकारी. ड्रग्ज विकणाऱ्यांना ठार मारायला हवं असं ती बोलते तेव्हा तो तिला समजावतो. गल्लीतला विक्रेता ही लांबलचक साखळीची एक कडी आहे आणि त्या साखळीचं दुसरं टोक दूरदेशीच्या कुठल्यातरी गरीब शेतकऱ्याच्या शेतात आहे, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांना मारणार का, असा त्याचा प्रश्न. का नाही, हे तिचं उत्तर. पुढचा सगळा चित्रपट या दोन वाक्यांमधला आहे. कार्टर बरोबर बोलतो आहे हे प्रेक्षकाला कळतं, आणि तरीही त्याला कॉफीच्या बाजूने राहावंसं वाटतं.

कार्टरचा स्वतःचा जोडीदार लाच घेतो. कार्टर हप्ते घ्यायला नकार देतो तेव्हा तोंडावर बुरखे घातलेले गुंड त्याच्या घरात घुसून त्याला मारतात. तो वाचतो, पण मेंदूला झालेल्या इजेने कायमचा अपंग होतो. कायद्याच्या मार्गाने जाणाऱ्याचं काय होतं, ते पटकथेने असं सांगून टाकलं.

आता कॉफी साखळीच्या वर चढू लागते. पहिली पायरी किंग जॉर्ज, वेश्यांचा दलाल आणि ड्रग्जचा व्यापारी. भडक सूट, भलीमोठी गाडी, स्वतःच्या नावाचं गाणं. अभिनेते रॉबर्ट डोक्वी यांनी तो असा रंगवला आहे की त्याचा तिरस्कार करतानाही हसू येतं. कॉफी जमैकातून आलेली ‘मिस्टिक’ नावाची वेश्या बनून त्याच्या घरात शिरते. तिथल्या इतर मुलींशी तिची जंगी मारामारी होते. तीत एक प्रसंग असा आहे की तो या चित्रपटाची ओळख बनला: कॉफीने आपल्या अॅफ्रो केसांत दाढीची ब्लेड लपवून ठेवली आहेत, आणि तिचे केस धरायला गेलेल्या बाईचे हात रक्ताळतात.

हा प्रसंग निव्वळ चमत्कृती म्हणून सोडून देता येत नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांवर अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या शेरे मारले गेले, ते सरळ करण्यासाठी रसायनं आणि तापवलेले कंगवे वापरले गेले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात नैसर्गिक, मोकळा अॅफ्रो ठेवणं ही राजकीय कृती ठरली होती. जे केस दडवायचे म्हणून शिकवलं गेलं, तेच इथे हत्यार ठेवायची जागा होतात. त्या काळच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागलं नसेल.

किंग जॉर्जच्या वर आहे आर्तुरो व्हित्रोनी, गोरा माफिया डॉन. कॉफी त्याच्यावर पिस्तूल रोखते, पण त्याचा हस्तक ओमार तिला पकडतो. किंग जॉर्जने मला पाठवलं, असं ती खोटंच सांगते. व्हित्रोनीची माणसं किंग जॉर्जच्या गळ्यात फास अडकवतात, दोराचं दुसरं टोक गाडीला बांधतात आणि त्याला फरफटत नेतात. आत्तापर्यंतचा विदूषकी दलाल एका क्षणात अमेरिकेच्या इतिहासातला बळी होतो. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांना फासावर चढवल्याच्या हजारो घटना नोंदलेल्या आहेत, आणि हे दृश्य सरळ त्या आठवणीला हात घालतं. चित्रपटातलं सर्वांत अस्वस्थ करणारं दृश्य हे आहे. ते केवळ कल्पनेतलं उरलं नाही: १९९८ साली टेक्सासमधल्या जॅस्पर गावी गोऱ्या वंशवाद्यांनी एका कृष्णवर्णीय माणसाला ट्रकला बांधून असंच फरफटवून मारलं.

नगरसेवकाचा मुखवटा

साखळीच्या सर्वांत वरच्या कडीवर कोण बसलं आहे, हे कळतं तेव्हा चित्रपटाची खरी धार दिसते. हॉवर्ड ब्रन्सविक हा कॉफीचा प्रियकर. तो नगरसेवक आहे, देखणा, बोलका, आता अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीला उभा. कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये ड्रग्ज ओतून गोरी सत्ता आपलं कसं नुकसान करते, यावर तो छान भाषण करतो. कॉफीचा त्याच्यावर विश्वास आहे.

व्हित्रोनीच्या घरी ती कैदेत असताना हॉवर्ड तिथे येतो, तो व्हित्रोनीचा भागीदार म्हणून. आपल्या निष्ठेचा पुरावा म्हणून तो तिला मारून टाकायला संमती देतो.

तिचा जीव वाचतो तो तिच्याच आधीच्या हुशारीने. किंग जॉर्जच्या घरात असताना तिने त्याच्या साठ्यातल्या हेरॉइनच्या जागी साखर भरून ठेवली होती. व्हित्रोनीचे लोक त्यातलंच तिला टोचतात आणि ती नशेत गेली असं समजतात. ती संधी साधून केसांतली पिन घासून धारदार करते आणि ओमारच्या मानेत खुपसते. पुढे व्हित्रोनीच्या घरात गाडी घुसवून त्याला आणि त्याच्या माणसांना संपवते.

मग उरतो हॉवर्ड. समुद्रकिनाऱ्यावरच्या त्याच्या घरी ती बंदूक घेऊन पोहोचते आणि तो पुन्हा बोलू लागतो. पैसा आणि सत्ता हाती आली तरच आपल्या लोकांचं काही भलं करता येईल, हा त्याचा युक्तिवाद. तो इतका सराईत आहे की कॉफी क्षणभर डळमळते. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक गोरी बाई बाहेर येते. कॉफी त्याच्या जांघेत गोळी घालते आणि पहाटेच्या किनाऱ्यावर एकटीच चालू लागते. विजयाचं संगीत नाही, कोणी टाळ्या वाजवत नाही.

१९७३ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय राजकारणी नव्यानेच मोठ्या पदांवर पोहोचत होते. १९७२ साली शर्ली चिझम यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली होती. अशा आशेच्या काळात हा स्वस्तातला सिनेमा विचारतो की आपल्यातलाच माणूस सत्तेत गेला म्हणजे तो आपलाच राहील कशावरून? गोरा डॉन, भ्रष्ट पोलीस, कृष्णवर्णीय दलाल आणि कृष्णवर्णीय नेता, चौघेही एकाच धंद्यात. ‘डर्टी हॅरी’ (१९७१) किंवा ‘डेथ विश’ (१९७४) या त्याच काळातल्या गाजलेल्या चित्रपटांत कायदा हाती घेणारा नायक गोरा पुरुष आहे आणि धोका रस्त्यावरच्या गुन्हेगारांकडून येतो. ‘कॉफी’त रस्त्यावरचा गुन्हेगार हा फक्त दाराची कडी आहे, घर आणखी आत आहे.

पॅम ग्रिअर कशा घडल्या?

ग्रिअर यांचा जन्म १९४९ साली नॉर्थ कॅरोलायनामधल्या विन्स्टन-सेलम इथला. वडील अमेरिकी हवाई दलात, त्यामुळे लहानपण बदल्यांत गेलं. काही काळ कुटुंब इंग्लंडमध्ये होतं, शेवटी कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला स्थिरावलं. आई नर्स होती. कॉफी उभी करताना आपल्यासमोर आई होती, असं ग्रिअर यांनी नंतर सांगितलं आहे. शॉटगन वगळून पाहिलं तर कॉफीच्या वागण्यातला कामसू, थकलेला, कुणाचं ऐकून न घेणारा भाग कुठून आला असेल ते यातून कळतं.

साठच्या दशकाच्या अखेरीस त्या लॉस एंजेलिसला आल्या आणि एआयपीच्याच कचेरीत टेलिफोनच्या स्विचबोर्डवर काम करू लागल्या. पुढे जॅक हिल यांनी त्यांना ‘द बिग डॉल हाउस’ (१९७१) आणि ‘द बिग बर्ड केज’ (१९७२) या स्त्री-कैद्यांवरच्या दोन चित्रपटांत घेतलं. हे दोन्ही फिलिपिन्समध्ये चित्रित झाले, कारण तिथे खर्च कमी येई. चिखल, पाऊस आणि खऱ्याखुऱ्या खरचटण्याची ती शाळा होती.

हिल स्वतः लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्याबरोबर शिकलेले. कोपोला ‘गॉडफादर’पर्यंत पोहोचले, हिल स्वस्त चित्रपटांच्या दुनियेत राहिले. मिळालेल्या चाकोरीत थोडंसं वेगळं काही घुसवायचं, ही त्यांची पद्धत. ओमारची भूमिका करणारे सिड हेग हे त्यांचे जुने सहकारी, त्यांच्या अनेक चित्रपटांत दिसणारे.

समीक्षकांनी ‘कॉफी’ला फार वर चढवलं नाही. शिकागोचे रॉजर एबर्ट यांनीही बेताचेच तारे दिले, पण ग्रिअर यांच्या वावरात एक शारीरिक जिवंतपणा आहे जो पडद्यावरच्या सुंदर स्त्रियांमध्ये सहसा नसतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. ते आजही पटतं. ग्रिअर धावतात तेव्हा दम लागलेला दिसतो, मार खातात तेव्हा लागलेलं दिसतं.

पडद्यामागेही एक बदल होत होता. हॉलिवूडमध्ये तोवर कृष्णवर्णीय कलाकारांच्या जागी उड्या मारायला बऱ्याचदा गोऱ्या स्टंटमनना काळा रंग फासून उभं केलं जाई. त्याविरुद्ध १९६७ मध्ये कृष्णवर्णीय स्टंटमननी आपली संघटना काढली होती. ब्लॅक्सप्लॉयटेशनच्या लाटेने या मंडळींना काम दिलं. ‘कॉफी’त छोटी भूमिकाही करणारे बॉब मायनर हे त्यांपैकी एक, आणि ग्रिअर यांची डमी म्हणून काम केलेल्या जेडी डेव्हिड या दुसऱ्या.

संगीत रॉय आयर्स यांचं. व्हायब्राफोन हे त्यांचं वाद्य, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काठ्या मारून वाजवायचं. जॅझ आणि फंक यांच्या मिश्रणातून त्यांनी उभं केलेलं हे संगीत चित्रपटापासून वेगळं, नुसतं ऐकायलाही लोक विकत घेतात. शीर्षकगीत डी डी ब्रिजवॉटर यांनी गायलं, ज्या पुढे नामवंत जॅझ गायिका झाल्या.

आक्षेप काय होते?

१९७२ साली ‘एनएएसीपी’ आणि इतर नागरी हक्क संघटनांनी ब्लॅक्सप्लॉयटेशनविरुद्ध आघाडी उघडली. दलाल, वेश्या, गर्दुल्ले आणि गुंड हेच कृष्णवर्णीयांचं चित्र जगापुढे जातं, मुलांसमोर हेच आदर्श उभे राहतात, हा मुख्य आक्षेप. दुसरा आक्षेप पैशांचा होता. तिकिटं कृष्णवर्णीय काढतात, गल्ला गोऱ्या मालकांकडे जातो. ‘कॉफी’च्या बाबतीत तो तंतोतंत लागू पडतो: कंपनी गोऱ्यांची, लेखक-दिग्दर्शक गोरा.

पण या आघाडीबद्दल कलाकारांची मतं एक नव्हती. ज्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मोठी भूमिका, ठरलेला पगार आणि पोस्टरवर नाव मिळत होतं, त्यांना हे काम बंद पाडणारा उपदेश नको होता.

तिसरा आक्षेप स्त्रियांचा, आणि तो सर्वांत टोकदार. कॉफी जितक्या वेळा बंदूक उचलते तितक्याच वेळा कॅमेरा तिचे कपडे उतरवतो. मुलींच्या मारामारीत एकमेकींचे ब्लाउज फाटतात, ते कथेला गरज म्हणून नाही. तिचं मुख्य हत्यार शॉटगन नसून पुरुषांची वासना आहे आणि चित्रपट त्याच वासनेवर तिकिटं विकतो. शिवाय माहिती काढण्यासाठी ती ज्यांना दमदाटी करते, मारते, त्यांत तिच्याइतक्याच पिचलेल्या बायका आहेत. हे खटकतं, खटकायलाच हवं.

दुसऱ्या बाजूला, ‘मिस’ या अमेरिकेतल्या प्रमुख स्त्रीवादी मासिकाने १९७५ साली ग्रिअर यांना मुखपृष्ठावर घेतलं. पुढच्या काळात इव्हॉन सिम्स, स्टेफनी डन, मिया मास्क अशा अभ्यासक स्त्रियांनी या नायिकांवर पुस्तकं लिहिली. त्यांच्या लेखनात सरसकट निषेध नाही आणि सरसकट आरतीही नाही. मोलकरीण नाही, कुणाची आई नाही, कुणी वाचवायला येईल म्हणून थांबत नाही, अशी कृष्णवर्णीय स्त्री चित्रपटाच्या मध्यभागी ठेवणं आणि तिच्या देहाचा बाजार मांडणं, या दोन्ही गोष्टी ‘कॉफी’त एकाच चौकटीत घडतात. त्यांतली एक बाजूला काढून दुसरी पाहता येत नाही, हीच या चित्रपटाची अडचण आहे.

‘फॉक्सी ब्राउन’ आणि लाटेचा शेवट

‘कॉफी’ चालल्यावर एआयपीला पुढचा भाग हवा होता. ‘बर्न, कॉफी, बर्न’ असं नाव ठरलं होतं. ऐनवेळी कंपनीच्या विक्री विभागाला वाटलं की दुसरे भाग सध्या चालत नाहीत. मग हिल यांनी तीच नायिका नव्या नावाने घेतली, आणि १९७४ मध्ये आला ‘फॉक्सी ब्राउन’. या घाईची एक गमतीदार खूण चित्रपटात राहून गेली: कॉफी नर्स होती, पण फॉक्सी पोटापाण्यासाठी काय करते हे कुठेच सांगितलेलं नाही.

‘फॉक्सी’ जास्त झगमगीत, जास्त हिंसक आहे. प्रियकराच्या खुनाचा सूड घेताना नायिकेवर जे अत्याचार दाखवले आहेत ते पाहणं कठीण जातं, आणि शेवटी ती खलनायिकेला बरणीतून जी भेट पाठवते तिचं वर्णन इथे टाळलेलं बरं. नाव म्हणून मात्र फॉक्सीच जास्त टिकली. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कच्या एका रॅप गायिकेने तेच नाव घेतलं. २००२ च्या ‘ऑस्टिन पॉवर्स’ चित्रपटात बियॉन्से यांनी केलेली फॉक्सी क्लिओपात्रा ही फॉक्सी आणि क्लिओपात्रा जोन्स यांची मिळून केलेली थट्टा आहे.

१९७५ मध्ये ग्रिअर यांचे ‘शीबा, बेबी’ आणि ‘फ्रायडे फॉस्टर’ आले आणि तिथेच लाट ओसरली. ‘गॉडफादर’ आणि ‘एक्झॉर्सिस्ट’ यांच्या यशात स्टुडिओंच्या लक्षात आलं होतं की कृष्णवर्णीय प्रेक्षक मोठ्या चित्रपटांनाही येतातच, मग त्यांच्यासाठी वेगळे काढायचे कशाला? भूमिका आटल्या, त्यात सर्वांत आधी आटल्या त्या बायकांच्या. ग्रिअर दुय्यम भूमिका करत राहिल्या. १९८८ साली त्यांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचं कळलं, तोही चौथ्या टप्प्यातला. डॉक्टरांनी १८ महिन्यांची मुदत सांगितली होती. त्या बऱ्या झाल्या.

१९९७ मध्ये क्वेंटिन टॅरंटिनो यांनी एल्मोर लिओनार्ड यांच्या ‘रम पंच’ या कादंबरीवर चित्रपट केला. कादंबरीतली नायिका जॅकी बर्क गोरी आहे. टॅरंटिनो यांनी तिला कृष्णवर्णीय केलं, आडनाव बदलून ब्राउन ठेवलं आणि भूमिका ग्रिअर यांना दिली. ‘जॅकी ब्राउन’मधली नायिका चाळिशी ओलांडलेली, तुटपुंज्या पगाराची हवाईसुंदरी आहे. पोलीस आणि शस्त्रांचा दलाल या दोघांच्या कात्रीतून ती डोकं वापरून सुटते. अॅफ्रो नाही, ब्लेड नाहीत. या भूमिकेसाठी ग्रिअर यांना गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं.

त्या चित्रपटात पार्श्वभूमीला अधूनमधून वाजणारे संगीताचे तुकडे रॉय आयर्स यांनी २४ वर्षांपूर्वी ‘कॉफी’साठी केलेले आहेत. आणि जॅकीला अटक झाल्यावर कोर्टात तिच्यासमोर जो न्यायाधीश बसलेला दिसतो, ते सिड हेग आहेत. ‘कॉफी’त ज्याच्या मानेत तिने पिन खुपसली होती, तोच ओमार.